मिस्सा संपल्यावर

मिरा-भाईंदरचा ख्रिस्ती माणूस म्हटला की बाहेरच्यांना उत्तनची वेलंकनी माउली आठवते, डोंगरी-गोराईच्या रस्त्याकडेचे क्रूस आठवतात, डिसेंबरात गावठाणातल्या घरांवर लटकणारे कागदी तारे आठवतात. हे सगळं खरं आहे, देखणंही आहे. या पुस्तकात मात्र त्यातलं फारसं काही सापडणार नाही. इथला विषय सुरू होतो तो रविवारची मिस्सा संपवून माणूस चर्चच्या पायऱ्या उतरतो तिथून. राग, हेवा, धास्ती, कंटाळा, जुने डंख, प्रार्थनेला बसलं की भलतीकडे धावणारं मन, हे सगळं सोबत घेऊनच येशूच्या मागे चालायचं असेल तर सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, एवढाच प्रश्न पुढच्या लेखांत आहे.

मराठीत ख्रिस्ती श्रद्धेवरचं लेखन कमी नाही. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, म्हणजे ही परंपरा चारशे वर्षांहून जुनी. पण आज सर्वसाधारण वाचकाच्या हाती येतं ते बहुतेक दोन प्रकारचं असतं. एक प्रवचन, दुसरी साक्ष. प्रवचनात माणूस कसा असावा ते सांगितलेलं असतं. साक्षीत माणूस कसा होता आणि कसा झाला ते. आधी दारू, कर्ज, आजारपण, मारामाऱ्या. मग एक सभा, एक प्रार्थना, डोळ्यांना पाणी. त्यानंतर सगळं सुरळीत. अशा साक्षी खोट्या असतात असं मी म्हणत नाही. काहींचं आयुष्य खरंच एका दिवसात वळतं. दमास्कसच्या वाटेवर पौलाचं वळलं. पण उत्तन-पालीत जन्मलेल्या, कडेवर असतानाच बाप्तिस्मा झालेल्या माणसाकडे सांगण्यासारखा तो एक दिवसच नसतो. त्याचे सगळे दिवस सारखेच. कधी श्रद्धा जवळ वाटते, कधी दूर जाते, कधी ती आहे की गेली याची चौकशीही करावीशी वाटत नाही. आणि पौलाचं तरी काय? तोच पौल पुढे रोमकरांना लिहिताना कबूल करतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, आणि नको असलेलं मात्र होऊन बसतं. दमास्कसनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेलं पत्र आहे हे. साक्षी सांगणारे पौलाचा पहिला भाग सांगतात आणि हा दुसरा भाग गाळतात, अशी माझी जुनी तक्रार आहे.

सोमवारच्या सकाळचा हा प्रश्न मिरा-भाईंदरमध्ये उभा राहून विचारावा असं वाटलं याचं कारण इथल्या भूगोलात आहे. महानगरपालिका एक, २००२ साली झालेली, पण तिच्या पोटात दोन वेगळी जगं आहेत. पश्चिमेला समुद्राच्या कडेने उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही जुनी गावं. डोंगरीचं बेथलेहेम मातेचं चर्च पोर्तुगीज काळातलं. चौकच्या धारावी किल्ल्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले, १७३९ मध्ये वसई पडली, युरोपीय पाद्री निघून गेले, आणि तरी इथल्या कोळ्यांच्या घरातला संध्याकाळचा जप थांबला नाही. दुसरं जग रेल्वेच्या दोन्ही बाजूंचं. तिथे कालपरवापर्यंत मिठागरं आणि भातखाचरं होती. १९९१ च्या जनगणनेत या सगळ्या भागाची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. आलेल्यांत मंगळूरचे, गोव्याचे, केरळचे, तमिळनाडूचे, आणि नगर-मराठवाड्याकडचे ख्रिस्ती होते. मीरा रोडच्या सेंट जोसेफ चर्चमध्ये किंवा भाईंदरच्या नाझरेथ मातेच्या चर्चमध्ये एका बाकावर बसलेल्या चार माणसांच्या घरात चार भाषा असू शकतात. कुणी भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मंडळीत जातो, कुणी दोन्हीकडे. पंथांच्या वादात हे पुस्तक शिरत नाही. रागाला पंथ नसतो.

मन दमवणाऱ्या गोष्टी दोन्ही जगांत वेगळ्या असतात, हे मात्र ध्यानात घ्यावं लागतं. किनाऱ्यावर ती गोष्ट म्हणजे वाट पाहणं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, खलाशी आपापल्या गावी गेलेले, डोलीची जाळी दुरुस्तीला काढलेली, आणि डिझेल-बर्फाची मागच्या हंगामातली उधारी वहीत तशीच. या दोन महिन्यांत उत्तनच्या घरांत जे भांडण होतं ते बहुधा समुद्रावरून होत नाही. ते भाजीवरून, पोराच्या फीवरून, पंख्याच्या वेगावरून होतं. ऑगस्टात फादर बोटींना आशीर्वाद देतात, बोटी निघतात, आणि मग दुसरं काहीतरी सुरू होतं: शेजारच्याच्या बोटीला किती मिळालं? आपल्या जाळ्यात कचरा आणि त्याच्या जाळ्यात बोंबील, हे पाहून मनात जे होतं त्याला नाव द्यायला कुणाला आवडत नाही. वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा सगळ्या गावाला दिसतात. कुणाची रांग किती लांब, हे न मोजता पुढे जाणं सोपं नाही.

शुभवर्तमानात पेत्राची रात्रभर जाळं टाकून काही न मिळाल्याची गोष्ट आहे. शहरातले प्रवचनकार तिच्यावरून आशेचा धडा देतात. किनाऱ्यावर ती ऐकणारा माणूस आधी वेगळ्या गोष्टीपाशी थांबतो: सकाळी किनाऱ्याला लागल्यावर ते जाळी धूत होते. काहीच मिळालं नाही तरी जाळी धुवावीच लागतात, नाहीतर खराब होतात. लूकने हा तपशील सहज लिहून टाकला आहे. मला वाटतं, प्रार्थनेत मन लागत नसलेल्या दिवसांबद्दल एवढं उपयोगी वाक्य शुभवर्तमानात क्वचितच असेल. चमत्कार त्यानंतर झाला. जाळी धुताना त्यांना तो होणार आहे हे माहीत नव्हतं.

रेल्वेकडच्या बाजूला वाट पाहणं नसतं, धावणं असतं. मीरा रोडला सकाळी विरारहून येणाऱ्या गाडीत पाय ठेवायचा म्हणजे आतल्यांच्या लेखी तुम्ही घुसखोर. संध्याकाळी विरार गाडीतून भाईंदरला उतरायचं म्हटलं की ‘भाईंदर लोकल नव्हती का?’ हा प्रश्न ठरलेला. खांद्याने रेटा द्यायचा, शिव्या ऐकायच्या, एखादी परत द्यायची, आणि खिशात जपमाळ. शेजाऱ्यावर प्रीती कर ही आज्ञा ज्याने दिली त्याच्या डोळ्यांसमोर गालीलचे मोकळे रस्ते असतील, असं एखाद्याला गमतीने वाटेलही. पण येशूच्या भोवतीही लोकांची चेंगराचेंगरी असायचीच. अशाच गर्दीत एका आजारी बाईने त्याच्या कपड्याला हात लावला, आणि सगळीकडून रेटे बसत असताना त्याने तो एक हात ओळखला. रोज दीड तास उभ्याने प्रवास करणाऱ्याला ही गोष्ट निराळीच कळते. आपल्याला लागलेला कोपर कुणाचा आहे हे वळून पाहण्यापुरतीही ताकद संध्याकाळी सात वाजता उरत नाही. दमलेल्या शरीरात दयाळूपणा राहत नाही, आणि म्हणून पुढे एक संपूर्ण लेख झोपेवर आहे. अध्यात्माच्या पुस्तकात झोप कशाला, असं विचारणाऱ्याने चर्चगेटहून सहा अठ्ठावीसची गाडी पकडून पाहावी.

आणि मग अबोला. खरं सांगायचं तर हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते यामुळेच, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

ज्या वीस-तीस वर्षांत इथली लोकसंख्या चौपट-पाचपट झाली त्याच वर्षांत इथली जमीन सोन्याची झाली. आजोबांच्या नावावरचं खाचर, ज्यात भात जेमतेम पोटापुरतं व्हायचं, त्याच्या सातबाऱ्यावर आता बारा-पंधरा वारसांची नावं असतात. त्यातले दोघं आखाती देशात, एक ऑस्ट्रेलियात, एका आत्याची सही राहिलेली, एका भावाने परस्पर मुखत्यारपत्र दिलेलं. बिल्डरचा माणूस एकेकाला वेगळं भेटतो. कुणाला किती मिळाले हे कुणी सांगत नाही आणि सगळ्यांना कळतं. मग एका नाताळला थोरल्याकडून धाकट्याकडे कुसवारचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं ताट जात नाही. पुढच्या वर्षी धाकट्याच्या मुलीच्या लग्नात थोरला चर्चमध्ये येतो आणि जेवायला येत नाही. दहा वर्षांनी दोघांच्या नातवंडांना आपण एकमेकांचे कोण हे माहीत नसतं. भांडण कोर्टात असेल तर निदान तारीख तरी पडते. अबोल्याला तीही नसते.

आता हे दोघे भाऊ रविवारी एकाच चर्चमध्ये असतात. मिस्सेत ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी एकमेकांना शांती देण्याचा क्षण येतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हात जोडून नमस्कार करतात. नमस्काराची सोय अशी की तो उजवीकडे, डावीकडे, मागे, हव्या त्या दिशेने करता येतो आणि नको ती दिशा सहज टाळता येते. एवढ्या वर्षांत सगळ्यांच्या जागाही ठरून गेलेल्या असतात. थोरला पुरुषांच्या बाजूला खांबाजवळ, धाकटा मागे दाराशी. शांती दिली जाते, घेतली जाते, आणि दोघे रांगेत उभे राहतात.

मत्तयच्या शुभवर्तमानात येशूने यावर सांगितलेलं सगळ्यांना पाठ आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाची आठवण झाली तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. पण नीट वाचलं तर त्यात एक अडचण आहे जी आपण झाकून ठेवतो. तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असं तिथे म्हटलेलं नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं आहे. म्हणजे मी क्षमा केली, माझ्या मनात काही नाही, एवढं म्हणून सुटका होत नाही. ‘माझ्या मनात काही नाही’ हे अबोला धरलेल्या प्रत्येक घरात ऐकू येणारं वाक्य आहे, आणि ते बहुतेकदा खरंही असतं. त्या माणसाच्या मनात खरंच आता काही उरलेलं नसतं, भाऊसुद्धा नाही. येशू विचारतो ते दुसऱ्याच्या मनाबद्दल. त्याला काय लागलं आहे, हे तुला माहीत आहे का? ते माहीत करून घ्यायला त्याच्या दारापर्यंत जावं लागतं, आणि मोजून पाहिलं तर ते दार बहुधा पन्नास पावलांवर असतं.

म्हणून जा आणि पाया पड, असं सांगून हा विषय संपवता येईल. प्रवचनात तो तसाच संपतो. पण जमिनीच्या भांडणात नुसतं पाया पडून चालत नाही, कारण तिथे हिशेबही असतो. ज्याने भावाचा वाटा दाबला त्याने वाटा न देता नुसता गळ्यात गळा घालणं हा समेट नव्हे. जक्कय येशूला घरी घेऊन गेला तेव्हा त्याने आधी पैशांचं बोलणं केलं, ज्याला फसवलं त्याला चौपट परत करीन म्हणाला. मन मोकळं करण्याच्या आपल्या कल्पनेत पैशाचा भाग फार लवकर गळून पडतो. उलट बाजूही आहे: ज्याचा वाटा गेला त्याला, तो परत मिळणारच नाही हे कळल्यानंतर, पुढची तीस वर्षं त्या खाचराच्या जागी उभ्या असलेल्या सात मजली इमारतीकडे पाहत जगायचं असतं. त्याला ‘विसरून जा’ म्हणणाऱ्याने ती इमारत रोज पाहिलेली नसते.

अशा न सुटणाऱ्या गोष्टींसह श्रद्धेने जगलेली माणसं आपल्या परंपरेत आहेत, पण त्यांच्या गोष्टीचा तेवढाच भाग आपण सांगत नाही. खाडीच्या पलीकडे वसईत जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया आपल्याला हुतात्मा म्हणून ठाऊक आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला तो क्रूसावर मेला, १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. लहानपणी वसईच्या येशूसंघीयांकडे वाढला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथे त्यांचा प्रचारक म्हणून खपला. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. तो बाजूला झाला आणि व्यापारात पडला. दुकान चांगलं चाललं म्हणतात. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाने त्याला घेतलं, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा बंधू म्हणून. त्याचे शेवटचे काही तास चित्रांत आहेत, पुतळ्यांत आहेत. नकार पचवून दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या वर्षांचं चित्र कुणी काढलेलं मी पाहिलेलं नाही. ज्यांना आपली जागा मिळाली नाही, ज्यांचं सेमिनरीतून परत येणं झालं, ज्यांचं ठरलेलं लग्न मोडलं, ज्यांना घरासाठी हवी नसलेली नोकरी करावी लागते, त्यांना मी त्या गल्ल्यावरच्या गोन्सालोकडे बोट दाखवीन.

मराठीत या विषयावरचं सगळ्यात मोठं पुस्तक कुणा धर्मपंडिताने लिहिलेलंच नाही. ते लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आलेलं. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली. साक्ष सांगणारा माणूस या दोन तारखा सांगेल. लक्ष्मीबाई मधली पाच वर्षं सांगतात. नवरा गेला तो परत येईल का, मुलाचं काय होईल, आपण कुठल्या. मग त्या नवऱ्याकडे राहायला आल्या तरी पाणी वेगळं, चूल वेगळी. सोवळं त्यांच्या हाडात होतं, आणि ते एका प्रार्थनेने निघालं असं त्या कुठेही म्हणत नाहीत. विचार करकरून, स्वतःशी भांडून, हळूहळू निघालं. बाप्तिस्म्यानंतरही टिळक तापट राहिलेच, घरातला पैसा दानात जातच राहिला, आणि संसार चालवायचा तो लक्ष्मीबाईंनीच. हे सगळं त्या हसत सांगतात. स्वतःच्या मनाच्या कोत्या जागा हसत दाखवणं हे मला पवित्रपणाचं फार वरचं लक्षण वाटतं. आपल्या भक्तिलेखनात विनोद इतका कमी का, हे मला कधी कळलेलं नाही.

पंडिता रमाबाईंचंही असंच. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला, पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला तो पुष्कळ नंतर, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्या मधल्या वर्षांत त्या अमेरिकेत व्याख्यानं देत होत्या, १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. आतलं समाधान येईपर्यंत काम थांबवून बसल्या नाहीत. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा अनेकांना धक्का बसला, कारण त्यांत देव जाणवत नसल्याच्या अनेक वर्षांचं दुखणं होतं. धक्का बसण्यासारखं त्यात काय होतं? बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांत सगळ्यात मोठा गट गाऱ्हाण्यांचाच आहे. देवा, कुठे आहेस, किती दिवस, विसरलास का, असं म्हणणारा माणूस देवाच्या दारात उभा राहूनच ते म्हणत असतो. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात तेव्हा ते नास्तिक झाले असं वारकरी समजत नाही. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असं टिळक म्हणत. मग आपल्याच घरात कुणी ‘देवानं माझं ऐकलं नाही’ म्हटलं की लगेच त्याला गप्प करण्याची घाई का असते?

रोजच्या सवयींपैकी एकीचा उल्लेख इथेच करतो, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा येईल. संत इग्नासने शिकवलेलं रात्रीचं आत्मपरीक्षण. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या वेढ्यात तोफगोळ्याने पाय मोडलेला हा सैनिक महिनोन्‌महिने अंथरुणावर पडला होता, आणि कुठल्या विचारानंतर मन ताजं राहतं व कुठल्या विचारानंतर कोरडं पडतं याची नोंद ठेवता ठेवता त्याला मनाची चाल कळू लागली. आत्मपरीक्षण म्हणजे पापांची यादी, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात त्याची सुरुवात आभाराने होते. आज काय मिळालं, मन कुठे उघडलं, कुठे मिटलं, उद्या कुणाशी बोलायचं आहे. दहा मिनिटं पुरतात. इग्नासची आणखी एक सूचना मला लाखमोलाची वाटते: मन काळोखात असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. किती बोटी, किती नाती आणि किती गायकवृंदांतली माणसं एका वाईट संध्याकाळी सुटली आहेत! सकाळ होऊ द्यावी, मग हवं तर सोडावं.

दुपारच्या कंटाळ्यावरही एक लेख आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या एव्हाग्रियसने त्याचं वर्णन केलं आहे. संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीतून पाहतो, सूर्य हलत का नाही म्हणतो, कुणी भेटायला येतंय का पाहतो, ही जागाच चुकली असं त्याला वाटू लागतं. मीरा रोडच्या नवव्या मजल्यावर मुलं-सुना कामाला गेल्यावर एकट्या राहिलेल्या आजी-आजोबांना हे वाचून दाखवा. फक्त खिडकीच्या जोडीला हातात मोबाइल आला आहे.

एक झगडा असा आहे की ज्याबद्दल चर्चमध्येही दबक्या आवाजात बोलतात. नगर, जालना, औरंगाबादकडून आलेली पुष्कळ कुटुंबं पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. तो पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्तींना मिळाला नाही. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असं जगणं पिढ्यान्‌पिढ्या चालतं. नोकरी लागते, घर उभं राहतं, आणि मुलगी विचारते, आपण नक्की कोण? वरून सुरक्षित असलेल्या ख्रिस्ती माणसाने याला अप्रामाणिकपणा म्हणावं यासारखी निर्दय गोष्ट नाही. ज्यांची जात चर्चमधल्या लग्नाच्या बोलण्यातही सुटली नाही त्यांना प्रामाणिकपणा शिकवण्याआधी बाकीच्यांनी आपल्या मनाचा दाखला तपासावा. पेत्राने कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारलं आणि येशूने त्याला टाकलं नाही, हे त्या मुलीला सांगता येतं. पण कायद्याचं ओझं तिच्या एकटीच्या विवेकावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

आता दोन गोष्टी निक्षून. मनाचे झगडे आणि मनाचे आजार यांत फरक आहे. झोप उडाली, जेवण जात नाही, जगू नये असं वाटतं, हे कित्येक आठवडे चालू असेल तर प्रार्थना कमी पडली असा अर्थ काढू नये. डॉक्टरकडे जावं, गोळ्या दिल्या तर घ्याव्यात, आणि प्रार्थनाही करावी. गोळ्या सोड, मगच देव बरं करील, असं कुणी व्यासपीठावरून म्हणालं तर उठून घरी यावं. दुसरी गोष्ट क्षमेबद्दल. क्षमा करण्यासाठी त्याच घरात मार खात राहायला हवं असं शुभवर्तमानात कुठेही नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘तुझा क्रूस आहे, वाहा’ असं सांगणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत, त्यांत बायकाही आहेत. येशूने स्वतः उचललेला क्रूस आणि दुसऱ्याने तिच्या पाठीवर घातलेला सोटा यांत फरक करता येत नसेल तर माणसाने सल्ला देऊ नये. २००५ चा घरगुती हिंसाचाराविरोधी कायदा ख्रिस्ती घरांनाही लागू आहे. अबोल्यावरचा लेख वाचताना ही ओळ विसरू नये, म्हणून ती इथे प्रस्तावनेतच लिहिली.

या लेखांत उणिवा आहेत आणि त्यातली एक मोठी आहे. पहाटे बंदरावर जाऊन लिलावात म्हावरं घेऊन, पाटी डोक्यावर घेऊन भाईंदरच्या बाजारात बसणाऱ्या बाईच्या मनात दिवसभर काय चालतं, हे तिनेच लिहायला हवं. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकावरचा राग, शेजारणीच्या पाटीवरची नजर, हिशेबात मागे-पुढे करण्याचा मोह, आणि तिच्या शेजारी ठेवलेला डबा उघडायलाही न मिळालेला वेळ. मी त्या बाजारात गिऱ्हाईक म्हणून जातो. तिचं मन मला पाटीच्या या बाजूने दिसतं, तेवढंच लिहिलं आहे.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. ज्याच्या घरात अबोला आहे त्याने तो लेख आधी वाचावा. ज्याला प्रार्थनेचा कंटाळा आला आहे त्याने झोपेवरचा. प्रायश्चित्तकाळात काही ठिकाणी घरोघरी गटांत वाचन होतं, तिथे हे वापरायचं असेल तर एकच विनंती: उदाहरण द्यायचं ते आपलं द्यावं, दुसऱ्याचं नको. गावठाणात सगळे एकमेकांचे नातलग, नाव घेतलं नाही तरी दुसऱ्या वाक्याला माणूस ओळखू येतो, आणि नवाच अबोला सुरू होतो.